त्या तेजोमेघात तारा एकटा नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘दक्षिण कंकण’ तेजोमेघाचं जेम्स वेब दुर्बिणीनं टिपलेलं छायाचित्र आपण अर्धं पान देऊन छापलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आकाशातल्या एखाद्या वस्तूला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते. आमच्या गावच्या वाचनालयात ते पान हातोहात फिरलं, आणि शाळेतल्या एका मुलीनं ते कापून वर्गातल्या फळ्याशेजारी लावलं. म्हणूनच त्याखाली छापलेल्या ओळीबद्दल लिहिणं मला गरजेचं वाटतं. ‘मरणाऱ्या ताऱ्यानं सोडलेला अखेरचा श्वास. आपल्या सूर्याचाही शेवट असाच होणार’ असं तिथं म्हटलं होतं. मुलं आता ते पाठ करतील. पण ती आकृती एका ताऱ्यानं घडवलेली नाही, आणि आपल्या सूर्याचा शेवट तसा दिसेल असं आज कोणताही अभ्यासक खात्रीनं म्हणणार नाही.

मी कराड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे. गच्चीवर आठ इंची परावर्तक दुर्बीण आहे. उसाचा गळीत हंगाम सुरू असला की कारखान्याच्या दिव्यांनी आणि धुरानं उत्तरेकडचं आकाश वाया जातं, पण दक्षिण बाजू अजून बरी आहे. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री अगस्त्य पश्चिमेकडे झुकला की त्याच्या पूर्वेला बऱ्याच अंतरावर, व्हेला तारकासमूहात, हा तेजोमेघ क्षितिजापासून तीस-बत्तीस अंश वर येतो. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना तो क्षितिजालगत शोधावा लागतो किंवा दिसतच नाही. आपल्याला तो घरच्या गच्चीवरून मिळतो, हे आपलं भाग्य आहे. जॉन हर्शेल यांनीही तो १८३५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून पाहिला होता. एनजीसी ३१३२ हा त्याचा यादीतला क्रमांक.

दुर्बिणीला डोळा लावला की राखाडी, लंबगोल, पुसटसा डाग दिसतो आणि त्याच्या बरोबर मध्यभागी एक स्वच्छ, टोकदार तारा. पाहणारा प्रत्येक जण विचारतो, “हाच का तो मरणारा तारा?” तो हा नव्हे. मध्यभागी दिसणारा हा दहाव्या प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) अजून तारुण्यात आहे. ज्यानं हा वायू बाहेर टाकला तो तारा त्याच्यापासून जेमतेम दीड-पावणेदोन विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आहे आणि या शेजाऱ्याच्या झगमगाटात पार बुडून जातो. माझ्या दुर्बिणीतून तो कधीच दिसणार नाही. म्हणजे गच्चीवरून पाहतानाच या वस्तूची पहिली गोष्ट कळायला हवी, ती ही की इथं किमान दोन तारे आहेत.

वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रं १२ जुलै २०२२ रोजी जगापुढे आली, त्यांत हा तेजोमेघ होता. मध्य-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत घेतलेल्या चित्रात तो लपलेला मरणारा तारा, म्हणजे श्वेत बटू (ताऱ्याचा उरलेला लहान, उष्ण गाभा), लाल आणि चांगला ठळक दिसला. ही गोष्ट अनपेक्षित होती. इतका उष्ण तारा अवरक्त किरणांत मंद दिसायला हवा. तो ठळक दिसतो याचा अर्थ त्याच्याभोवती कोमट धूळ आहे, आणि ती धूळ चकतीच्या रूपात टिकवून ठेवायला जवळ आणखी कुणीतरी असावं लागतं. ऑर्सोला डी मार्को यांच्या नेतृत्वाखाली जवळपास ७० संशोधकांनी या चित्रांचा कसून अभ्यास केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात निष्कर्ष छापला. या आकृतीमागे किमान चार, कदाचित पाच तारे असावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. मूळ ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या पावणेतीनपटीहून थोडं जास्त होतं. त्याच्या अगदी जवळच्या एका सोबत्यानं धुळीची चकती आणि झोत निर्माण केले. जरा लांबून फिरणाऱ्या दुसऱ्यानं बाहेरच्या वायूत कमानींची रांग उमटवली. मला दिसतो तो ठळक तारा मात्र खूप लांबून फिरतो. आकार घडवण्यात त्याचा हात फारसा नाही.

यातला जवळचा सोबती कुणी थेट पाहिलेला नाही, तो खुणांवरून ताडलेला आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ज्या तेजोमेघांत अशी जवळची जोडी प्रत्यक्ष मोजलेली आहे, त्यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. आणि खरी कथा तिथं आहे.

‘शर’ हा श्रवणाच्या उत्तरेला असलेला लहानसा तारकासमूह. त्यात एबेल ६३ नावाचा एक अत्यंत मंद ग्रहीय तेजोमेघ आहे. (मरणाऱ्या ताऱ्यानं सोडलेल्या वायूच्या मेघाला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात, दक्षिण कंकणही तसाच. त्यांचा ग्रहांशी काही संबंध नाही. जुन्या दुर्बिणींतून ते ग्रहांच्या बिंबांसारखे दिसत, एवढंच.) जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेच्या छायाचित्र-काचा तपासून असे पुसट तेजोमेघ वेचून काढले होते, त्यांतला हा एक. त्याच ठिकाणी एक चलतारा चलताऱ्यांच्या यादीत आधीपासून होता, नाव यूयू सॅजिटी. दोन याद्या दोन वेगळ्या कपाटांत असाव्यात तशा पडून होत्या. १९७६ मध्ये हॉवर्ड बाँड यांनी त्या एकत्र ठेवून पाहिल्या. तेजोमेघाच्या मध्यावरचा तारा आणि तो चलतारा एकच निघाले. हा तारा सुमारे ११ तास १० मिनिटांनी एकदा विझल्यासारखा होतो. त्याचं तेज सुमारे चार प्रतींनी, म्हणजे जवळपास चाळीसपटीनं, घटतं. पुढे ठरावीक वेळेनं तो पुन्हा उजळतो. एका अतिउष्ण ताऱ्यासमोरून थंड, लहानसा सोबती जातो आणि त्याला पुरता झाकतो. ग्रहणच ते. ग्रहीय तेजोमेघाच्या गाभ्यात सापडलेली ही पहिली ग्रहण लावणारी जोडी.

हा ११ तास १० मिनिटांचा आकडा मी अकरावीच्या मुलांना केप्लरचा तिसरा नियम (फेरीचा काळ आणि वस्तुमान यांवरून दोघांतलं अंतर सांगणारा) शिकवताना फळ्यावर लिहीत असे, आणि तो शिकवण्याइतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या उदाहरणानं दिला नाही. दोन ताऱ्यांचं मिळून वस्तुमान सूर्याएवढं धरा. एवढ्या कमी वेळात फेरी पुरी व्हायची तर त्यांच्यातलं अंतर किती असेल? गणित करून मुलं सतरा लाख किलोमीटरच्या आसपास पोचतात. सूर्याच्या त्रिज्येच्या अडीचपट. बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे! मग पुढचा प्रश्न. हा उष्ण तारा काही हजार वर्षांपूर्वी तांबडा राक्षसी तारा होता, म्हणूनच तर भोवती तेजोमेघ आहे. त्या अवस्थेत त्याची त्रिज्या सूर्याच्या शंभरपट आणि त्याहूनही मोठी असणार. तेव्हा हा सोबती कुठे होता?

वर्गात इथं नेहमी शांतता होत असे. उत्तर एकच उरतं. आज सोबती जिथं आहे ती जागा त्या काळी राक्षसी ताऱ्याच्या आत होती. म्हणजे हा सोबती बाहेरून आत आला, ताऱ्याच्या पोटातून फिरत फिरत खाली उतरला आणि तरीही शाबूत राहिला.

हे कसं घडलं असेल याची मांडणी पोलंडच्या बोहदान पाचिन्स्की यांनी त्याच १९७६ साली केली. राक्षसी तारा फुगत जातो तसा त्याचा बाहेरचा वायू सोबत्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या ताब्यात जातो. सोबती लहान असतो, इतक्या वेगानं येणारा वायू त्याला पचवता येत नाही. वायू साचतो आणि दोघांनाही वेढून टाकतो. याला सामायिक आवरण म्हणतात. आता त्या आवरणात एकीकडे राक्षसी ताऱ्याचा घट्ट गाभा आणि दुसरीकडे सोबती, असे दोघं एकमेकांभोवती फिरतात. मडक्यात रवी फिरावी आणि ताक काठापर्यंत उसळावं तसं सोबत्याच्या फिरण्यानं सगळं आवरण ढवळून निघतं. या ढवळण्याला लागणारी ऊर्जा येते कुठून? कक्षेतून. सोबती जितकी ऊर्जा वायूला देतो तितका तो आत घसरतो, आणि जितका आत घसरतो तितक्या वेगानं फिरतो. शेवटी आवरणाला इतकी ऊर्जा मिळते की ते ताऱ्याला सोडून निघून जातं. दिलेली ऊर्जा पुरली नाही, तर सोबती गाभ्यातच विलीन होतो आणि पुढे कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. पुरली, तर मागे उरते अगदी जवळची जोडी आणि तिच्याभोवती पसरत जाणारा वायू. उघडा पडलेला उष्ण गाभा त्या वायूला अतिनील किरणांनी पेटवतो. मग तो आपल्याला तेजोमेघ म्हणून दिसतो.

हा सगळा सामायिक आवरणाचा टप्पा इतक्या थोड्या काळात उरकतो की तो चालू असताना पाहायला मिळणं फार कठीण. तेजोमेघ मात्र काही हजार वर्षं, फार तर वीसेक हजार वर्षं टिकतो, मग विरून जातो. म्हणजे गाभ्यात जवळची जोडी असलेला तेजोमेघ दिसला, की समजावं इथं ते घडून फार काळ लोटलेला नाही, उसळलेला वायू अजून जागेवर आहे. विश्वातल्या कितीतरी गोष्टी या एका टप्प्यावर अवलंबून आहेत. श्वेत बटूंच्या स्फोटणाऱ्या जोड्या, क्ष-किरण देणाऱ्या जोड्या, गुरुत्वीय लहरी पाठवत एकमेकांत कोसळणारे मृत तारे, या सगळ्यांच्या पूर्वेतिहासात बहुतेक वेळा सामायिक आवरण येतं. आणि त्याचा ताजा पुरावा पाहायचा तर तो या मंद, गरीब दिसणाऱ्या तेजोमेघांत. म्हणून त्यांची गोष्ट ‘मरणारा तारा’ एवढ्यावर संपवली की मला वाईट वाटतं.

ग्रहण दिसायला कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत हवी. सगळ्या जोड्या तशा नसतात. तरी त्यांना पकडायचा आणखी एक मार्ग आहे. गाभ्यातला तारा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा दहापट, कधी त्याहूनही अधिक तापलेला असतो. सोबत्याची जी बाजू त्याच्याकडे असते ती भाजून निघते आणि उजळते, पाठ मात्र अंधारी राहते. सोबती फिरतो तशी कधी उजळ बाजू आपल्याकडे येते, कधी अंधारी, आणि एकूण तेज लयीत कमीजास्त होत राहतं. ही लय मोजायला रात्रीमागून रात्र तोच तारा पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते चिलीतल्या लास कॅम्पानासच्या पोलिश दुर्बिणीवर. ओगल नावाचा हा प्रकल्प खरं तर अदृश्य वस्तुमान शोधण्यासाठी आकाशगंगेच्या मध्याकडचे कोट्यवधी तारे वर्षानुवर्षं मोजत होता, आणि तो उभा करण्यामागे पुन्हा पाचिन्स्कीच होते. २००९ साली ब्रेंट मिझाल्स्की आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदींतून सुमारे ३०० ग्रहीय तेजोमेघांचे मध्यवर्ती तारे तपासले आणि २१ जवळच्या जोड्या बाहेर काढल्या. तोवर माहीत असलेल्या अशा जोड्यांची संख्या एका फटक्यात दुपटीवर गेली. त्यांचा अंदाज असा की १२ ते २१ टक्के तेजोमेघांच्या गाभ्यात जवळची जोडी आहे. पाचिन्स्की २००७ मध्येच वारले होते. ज्यानं १९७६ मध्ये हा विचार मांडला, त्याच्याच दुसऱ्या कामातून त्या विचाराला एवढं बळ मिळालं, हे त्यांना पाहता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता आकाराबद्दल. एकटा, सावकाश फिरणारा तारा वायू सोडतो तेव्हा तो चहूबाजूंना सारखाच जायला हवा, म्हणजे गोल फुगा दिसायला हवा. पण गोल तेजोमेघ थोडे आहेत. बहुतेकांना कंबर असते, दोन पाकळ्या असतात, टोकांना झोत असतात. जोडी असेल तर याचं कारण सरळ आहे. आवरण मुख्यतः कक्षेच्या पातळीत फेकलं जातं, तिथं जाड कडं तयार होतं, आणि नंतरच्या वेगवान वाऱ्याला वाट मिळते ती फक्त वर आणि खाली. हे खरं असेल तर तेजोमेघाचा अक्ष जोडीच्या कक्षेला काटकोनात असायला हवा. टॉड हिलविग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे आठ तेजोमेघ घेतले, ज्यांत कक्षेचा कल आणि तेजोमेघाचा कल दोन्ही स्वतंत्रपणे मोजलेले होते. आठही ठिकाणी दोन्ही जुळले. एबेल ६३ त्यांतलाच. तो नळकांड्यासारखा आहे, दोन्ही टोकांना लांबवर टोप्या आहेत, आणि नळकांड्याचा अक्ष यूयू सॅजिटीच्या कक्षेला काटकोनात आहे. टोप्या मुख्य नळकांड्याहून जुन्या आहेत, म्हणजे आवरण उडण्याच्या आधीच झोत सुटले होते. सोबत्यानं वायू ओढायला सुरुवात केली तेव्हाची ती खूण असणार.

नरतुरंगातला फ्लेमिंग १ हा मला सर्वांत प्रिय. विल्यमिना फ्लेमिंग या स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेल्या बाई. हार्वर्ड वेधशाळेच्या संचालकांकडे त्या घरकामाला होत्या, पुढे वेधशाळेतच हिशोबाच्या आणि काचपट्ट्या तपासण्याच्या कामाला लागल्या आणि शेकडो तारे व तेजोमेघ त्यांनी शोधले. १९१० मध्ये हा तेजोमेघ त्यांना सापडला. त्याच्या दोन्ही बाजूंना गाठी-गाठींचे झोत आहेत आणि ते इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळलेले आहेत. भोवरा थकला की त्याची मान गोल फिरते, तशी झोत फेकणाऱ्या चकतीची दिशा हळूहळू फिरत गेली, म्हणून हे वळण. पण चकती असायला जोडी हवी, आणि ती तोवर कुणी दाखवली नव्हती. २०१२ मध्ये ऑन्री बोफॅँ आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या पारानालच्या व्हीएलटी दुर्बिणीनं मध्यवर्ती ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, पुन्हा पुन्हा घेतला. त्यातल्या रेषा पुढेमागे सरकत होत्या, म्हणजे तारा आळीपाळीनं आपल्याकडे येत आणि लांब जात होता. गाभ्यात दोन तारे, दोघंही जळून संपलेले, सुमारे १.२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. फ्लेमिंगबाईंनी काचेवर पाहिलेल्या त्या ठिपक्याचं कारण एका शतकानं मिळालं. आमच्या भागातल्या ज्या मुलींना ‘विज्ञान घेऊन काय करणार’ असं घरी ऐकावं लागतं, त्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगते.

सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. पाचांपैकी एकात जवळची जोडी सापडते, पण आकार बिघडलेले तेजोमेघ पाचांपैकी चार. बाकीच्यांचं काय? काहींत सोबती लांबून फिरत असेल, काहींत तो गिळला गेला असेल, काहींत ग्रहानंच थोडं काम केलं असेल. दक्षिण कंकण याच वादाच्या मध्यावर उभा आहे. दुसरं कोडं रासायनिक आहे. कक्षाकाल साधारण दिवसाहून कमी असलेल्या जोड्यांभोवतीच्या तेजोमेघांत ऑक्सिजनचं प्रमाण दोन वेगळ्या प्रकारच्या वर्णरेषांवरून काढलं तर उत्तरं भयंकर वेगळी येतात. अभिजितच्या तारकासमूहातल्या, म्हणजे स्वरमंडळातल्या, एबेल ४६ मध्ये हा फरक शंभरपटीहून जास्त आहे. जड मूलद्रव्यांनी भरलेला थंड वायू तिथं वेगळा मिसळलेला असावा, असं मानतात. तो कधी आणि कसा आला यावर काम चालू आहे.

आता सूर्याकडे येते. त्याला तारा सोबती नाही. २०१८ मध्ये पोलंड, ब्रिटन आणि अर्जेंटिनातल्या तिघा शास्त्रज्ञांनी नव्या गणितानं दाखवलं की सूर्याएवढा तारा जेमतेम दिसेल इतका मंद तेजोमेघ बनवू शकेल. त्याच्या आधीची गणितं तर तोही दिसणार नाही असं सांगत होती. पाच अब्ज वर्षांनंतरच्या त्या मंद फुग्याचं वर्णन करायला दक्षिण कंकणाचं चित्र वापरणं योग्य नाही. ज्यांचं सगळं रूप सोबत्यांमुळे घडलं, त्या ताऱ्यांच्या चित्रावर आपल्या एकट्या सूर्याचं नाव लिहिल्यासारखं ते होतं.

बातम्यांबद्दल आणखी एक. २०१५ मध्ये हेनाइझ २-४२८ नावाच्या तेजोमेघात ४.२ तासांत फिरणारी जोडी सापडल्याची बातमी जगभर गाजली. दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या १.७६ पट, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेच्या (श्वेत बटूला पेलणाऱ्या कमाल वस्तुमानाच्या) बरंच वर, आणि ७० कोटी वर्षांनी ते एकमेकांत कोसळून स्फोट होणार, असं त्यात होतं. आपल्या चंद्रशेखरांचं नाव आल्यामुळे मीही ते वर्गात सांगितलं आणि मुलांचे डोळे चमकले. २०२० मध्ये निकोल राइंडल आणि सहकाऱ्यांनी त्याच जोडीचे वर्णपट पुन्हा तपासले. मोजण्यासाठी वापरलेल्या एका वर्णरेषेत दुसऱ्याच कशाची तरी भेसळ होती. ती वगळल्यावर एकूण वस्तुमान मर्यादेच्या खाली आलं. स्फोटाची भविष्यवाणी त्यामुळे डळमळली. ही दुरुस्ती मी मराठीत कुठंच छापलेली पाहिली नाही. विज्ञान कसं चालतं हे लोकांना दाखवायचं असेल तर माझ्या मते पहिल्या बातमीपेक्षा दुसरी जास्त मोलाची आहे. चूक कुणी पकडली, कशी पकडली, कोणत्या रेषेवरून पकडली, हे वाचायला आमच्याकडची मुलं तयार आहेत. त्यांना कमी लेखू नये.

या क्षेत्रात आपल्या देशाचंही काम आहे, तेही पुरवणीत यायला हवं. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेसह इतर संस्थांच्या साथीनं उभी केली. एन. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून वृश्चिकेतला फुलपाखरू तेजोमेघ पाहिला, तेव्हा साध्या प्रकाशात दिसतो त्याच्या बाहेर बराच पसरलेला वायू अतिनील किरणांत सापडला. हानले इथं आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंटीमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची आहे. एका ताऱ्याचं तेज रात्रभर मोजत बसणं म्हणजे काय, हे तिथल्या एखाद्या निरीक्षकाकडून लिहून घेतलंत तर वाचकांना ती माणसं आणि त्यांचं काम दोन्ही भेटेल.

मोठ्या दुर्बिणींशिवायही हे शिकवता येतं. ययाती तारकासमूहातला अल्गोल हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा ग्रहण लावणारा जोडतारा आहे. २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचं तेज २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतं आणि साधारण दहा तासांत परत चढतं. यॉर्कच्या जॉन गुडरिक या बहिऱ्या मुलानं १७८३ मध्ये, वय वर्षं अठरा असताना, एखादी काळी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी असं सुचवलं होतं. आमच्या गच्चीवर येणारी मुलं शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून अल्गोलचं तेज दर अर्ध्या तासानं आलेख-कागदावर मांडतात. पहाटेपर्यंत कागदावर एक खळगा तयार होतो. तो स्वतःच्या हातानं काढलेल्या मुलाला यूयू सॅजिटीचा आलेख समजावून सांगावा लागत नाही, तो बघूनच म्हणतो, “बाई, हे तर अल्गोलसारखंच, पण खूप खोल!”

म्हणून तीन विनंत्या. ग्रहीय तेजोमेघाचं चित्र छापाल तेव्हा गाभ्यात किती तारे माहीत आहेत आणि ते कसे कळले, एवढं एका वाक्यात द्यावं. जोडी मोजलेली असेल तर चित्राशेजारी तिच्या तेजाचा आलेखही छापावा, दोन बोटं जागा पुरेल. आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, जेव्हा ययाती संध्याकाळी वर असतो, अल्गोलच्या ग्रहणांच्या भारतीय वेळा पुरवणीत द्याव्यात. त्या गणितानं काढून पाठवायची जबाबदारी मी आनंदानं घेते. मुलांनी काढलेले आलेखही माझ्याकडे आहेत. आपल्या कार्यालयात कुणाच्या नावे पाठवू, तेवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड तालुका